आडनाव आधी

माशांच्या खोलीची किल्ली एकतीस वर्षं माझ्याकडे होती.
पद: प्रयोगशाळा परिचर.
नाव: मुजावर दस्तगीर हुसेन,
मस्टरवर असतं तसं, आडनाव आधी.

माशांचंही तसंच, शेडबाळकर मॅडम सांगायच्या.
आधी प्रजाती, मग जाती.
म्हणजे आधी घराणं, मग पोर.
त्या चिमट्याची टोकं ठेवत जायच्या
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, अंगावरच्या बारीक रेघेवर,
खवला, खवला, खवला.
एक्केचाळीस की बेचाळीस
यावर आख्खी दुपार जायची,
आणि मी बोरू धरून बसायचो.

सतरा नंबरची बरणी हरिपूरची.
संगमावर बायडाक्का भोई पाट्या मांडून बसायची,
जाळं रितं झालं की तिचा हात चालायचा:
काट्याचा इकडं, मिशाळ तिकडं,
वाम वेगळी, ती निसटते म्हणून,
चिखलाच्या वासाचा खाली,
पावण्यारावळ्यांचा वर.
खवले तिनं कधी मोजले नाहीत.
मॅडमनी विचारलं, हा कोणता?
"ह्यो कोळस. दुसरा कोन असनार?"

मी चिठ्ठी लिहिली: बार्बस कोळस.
काही वर्षांनी पत्र आलं, बार्बस नव्हे, पुंटियस.
खळ लावली, चिठ्ठीवर चिठ्ठी.
मॅडम निवृत्त झाल्या, नवे सर आले,
म्हणाले मुजावर, तेही चुकलं,
आता हिप्सेलोबार्बस.
इतकं लांब आडनाव
की चिठ्ठी कापायची कात्री मोठी आणावी लागली.
मासा आत तसाच,
कोऱ्या चहाच्या रंगाचा, तोंड अर्धवट उघडं,
तीनदा दत्तक गेलेल्या पोरासारखा
काही न बोलता.

एकोणीसच्या पुरात नदी खोलीत आली.
तिसऱ्या फळीपर्यंत.
पाणी उतरल्यावर दार ढकललं
तर बरण्या गाळात आडव्या पडलेल्या,
आणि चिठ्ठ्या सगळ्या भिंतीला चिकटलेल्या,
ओळीनं, कुणी वाळत घातल्यागत.
शाई टिकली होती. खळ सुटली होती.
दोनशे चौदा मासे, दोनशे चौदा नावं,
कोण कुणाचं, काही पत्ता नाही.

सर म्हणाले, तज्ज्ञ बोलवू पुण्याहून.
मी रिक्षा करून हरिपूरला गेलो.

बायडाक्का आता वाकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू.
स्टुलावर बसली, पदर नाकाला.
"रंग तर समद्यास्नी एकच केलाय रं तुमी."
मग बोट घातलं एकेकाच्या तोंडात,
ओठ चाचपले, पाठीचा काटा उलटा फिरवला.
आंबळी. शिंगटा. मळ्या, दगडाला चिकटतो त्यो.
हा नकटा, बग नाक.
मी लिहीत गेलो, सर उभे राहून
पुस्तकाशी ताडत गेले,
आणि मध्येच थांबले.
"मुजावर, कोळस तर पुस्तकातही कोळसच आहे."
घराणी बदलली होती, नियमानं,
पोराचं नाव कुणी काढलं नव्हतं.
दोनशे वर्षांमागं कुण्या साहेबानं
घाटावर बोट दाखवून विचारलं असणार,
आणि पाटीपाशी बसलेल्या कुणीतरी
त्रासून उत्तर दिलं असणार.

हे मी बायडाक्काला सांगितलं.
ती म्हणाली, "मग? त्याला इकलं का फुकाट दिलं?"

अंधार पडेस्तोवर एकच बरणी उरली.
करंगळीएवढा मासा, शेपटीशी एक ठिपका.
तिनं तो तळहातावर घेतला, दिव्याखाली धरला,
वास घेतला, पुन्हा धरला.
"ह्यो न्हाई म्हायीत."
पहिल्यांदाच ऐकत होतो मी तिच्या तोंडून.
सरांचे डोळे चमकले. नवी जाती असू शकते, म्हणाले,
हिचंच नाव देऊ.
"नगं," ती म्हणाली, पदराला हात पुसत,
"वळख न्हाई पाळख न्हाई, माजं नाव कशापायी?
असंल त्याचं त्याला."

त्या बरणीची चिठ्ठी मीच लिहिली,
निवृत्तीच्या आदल्या दिवशी.
ठिकाण: सांगली. नदी: कृष्णा.
तारीख घातली.
आडनावाची जागा मोकळी, नावाची मोकळी.
खळ मात्र या खेपेला
थोडी पातळच लावली.