एक जास्त

दर गुरुवारी सव्वापाचला निघते मी.
सस्कॅचवानचा रस्ता: डावीकडे बर्फ, उजवीकडे बर्फ,
आणि माझ्या मागच्या सीटवर स्तोत्रांच्या वह्या.
त्यांच्या पिना घरीच उपटल्या, चमच्याच्या दांड्याने,
कारण पिन आत चालत नाही.
मग लाल लोकरीने शिवल्या, तर फाटकावरची बाई म्हणाली,
लोकर नको, वर्ना, लोकर लांब असते.
लांब असते म्हणजे काय
हे मला परतीच्या वाटेवर कळलं,
पेट्रोल भरताना, नळी हातात धरून.

आता सुटी पानं नेते.
तिसरं कडवं नेहमीच कुणाकडे तरी नसतं,
तिथे ते नुसते गुणगुणतात,
आणि खरं सांगते, तेवढंच सुरात असतं.

प्रवचन मला जमत नाही. ते कॉर्नी टीसन करतो,
गोंदलेल्या मानेच्या माणसांनाही रडवतो
आणि नंतर मोटारीत कपाळ धरून बसतो गप्प.
मी खुर्च्या गोल मांडते,
कागदी पेल्यांत कॉफी ओतते.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
चढताना पोरं मोजायची, उतरताना मोजायची,
माझी विद्या एवढीच.

एकदा कॉर्नी म्हणाला, आज मोठं काही नको.
बोलायला हवं होतं आणि बोललो नाही
असं एखादं लहानसं सांगा.
बराच वेळ फक्त हीटर बोलत राहिला.
मग डेल्बर्ट, जो दोन हिवाळे
माझ्या कॉफीला नुसती मान हलवत आला होता,
पेल्याची कड सोलत म्हणाला:
ऑर्विल मागच्या सीटवर झोपला होता, बाई.
मी शेजारीच होतो.
उतरताना तुम्ही आकडा म्हणालात, चुकीचा,
आणि मला वाटलं, गंमत होईल.

ऑर्विल.
उणे एकतीस, फेब्रुवारी, चाळीस मिनिटं.
जगला तो. पायाची दोन बोटं गेली.
त्याच्या आईने मला ईस्टरला पाव पाठवला,
तो मी खाऊ शकले नाही, टाकूही शकले नाही.
हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं,
चर्चमध्ये सांगितलं नव्हतं,
आणि ज्याला मी रोज रात्री सगळं सांगते म्हणते
त्यालाही आडवळणानेच.

क्षमा हा शब्द त्या खोलीत फार वापरला जातो,
हात पुसायच्या फडक्यासारखा.
त्या संध्याकाळी कुणीच तो उचलला नाही.
मी त्याला विचारलं, तू कितवीत होतास?
तो म्हणाला, दुसरीत.
मी म्हणाले, कॉफी आणखी आहे.

मार्चमध्ये अचानक कुलूपबंदी झाली.
कुठल्याशा दुसऱ्या इमारतीत काहीतरी घडलं होतं,
आम्ही होतो तिथेच अडकलो.
कॉर्नी तापाने घरी. मी एकटीच,
राखी स्वेटर, मांडीवर पान.
नवा पोरगा मोजायला आला, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.
चौदा हवे होते. पंधरा आले.
पुन्हा मोजले. पंधरा.
एक जास्त येतोय, तो यंत्रात म्हणाला,
आणि त्याच्या आवाजात मला माझा जुना आवाज ऐकू आला,
बसच्या पायरीवरचा.

मी हात वर करायला हवा होता.
केला, पण तिसऱ्या मोजणीनंतर.
का थांबले, विचारू नका.
डेल्बर्ट माझ्याकडे न बघता हसत होता.

साडेनऊला सोडलं. मोटार गोठली होती.
चावी फिरवण्याआधी मान वळवून
मागची सीट बघितली, नेहमी बघते तशी.
पानं होती, विस्कटलेली.
मोजली नाहीत.