बिलबुकाच्या मागचं पान

मे महिना, दुपारचे दोन, फाट्यावर शेहेचाळीस.
कुलरच्या टाकीत कमरेपर्यंत उतरून
मी गंज खरवडत होतो, तेव्हा
पुण्याच्या हॉस्टेलवरून आलेली भाची म्हणाली,
"चिल, मामा."

मला वाटलं, पाणी देते.
रिकामा हात टाकीबाहेर काढून
धरून ठेवला जरा वेळ.

हा शब्द आमच्याकडे एवढाच येऊन थांबला होता:
हायवेवरच्या बारच्या पाटीवर, निळ्या अक्षरांत, "चिल्ड",
आणि अक्षरांवरून ओघळणारे थेंबही रंगवलेले.
आता तो घरात शिरला, चपला न काढता.
लाइन गेली, चिल.
मांजरीनं दूध सांडलं, चिल.
मोटर दुसऱ्यांदा जळाली म्हणून ढोरे मास्तर
दारात उभे राहून माझ्या सात पिढ्या मोजताहेत,
तर निधी आतून, "चिल, काका,"
आणि काका गप्प झाले, खरं सांगतो,
शिवी असती तर परत देता आली असती.

पंचफुलाबाई शेजारी कुरोड्या वाळवत होत्या.
त्यांनी ऐकलं "चील"
आणि हात कपाळावर धरून आभाळात पाहिलं.
"कुठी हाय वं माय? झाका, पिल्लं झाका!"
तुराट्यांचं डालं कोंबडीच्या पिल्लांवर पालथं.
वर काही नव्हतं.
पांढरं ऊन तेवढं, कडेपर्यंत.
निधी हसून हसून जमिनीवर बसली.

रात्री म्हणाली, मामा, याला आपल्यात काय म्हणतात?
बिलबुकाच्या मागच्या पानावर
तांब्याच्या तारेचा हिशोब होता, त्याच्या बाजूला लिहीत गेलो.
थंड घे ना बे. हे जागोराव कंडक्टरचं:
एसटी नाल्यात फसलेली, पन्नास तोंडं ओरडताहेत,
आणि हा मशीन पोटावर ठेवून शेंगा फोडतोय.
दम धर. म्हणणाऱ्यालाच दम नसतो.
पाह्यलं जाईन.
होते बाप्पा. हे कोणाला उद्देशून, ते मला अजून कळलेलं नाही.
जाऊ दे, असंही लिहिलं होतं.
ते तिनं खोडलं.
"ते हरल्यावरचं आहे. चिल हरायच्या आधी म्हणतात."

मंगळवारी निकाल.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर.
ती चढली, सातव्या पायरीवर थांबली,
फोन उलटा केला, पुन्हा सरळ केला.
उतरली तेव्हा चेहरा चुना फासल्यासारखा.

मी खाली उभा. बिलबुक खिशात.
थंड घे म्हणावं, तर ती गारच पडलेली.
दम धर, तर धरूनच होती कधीची.
होते बाप्पा म्हणायला जे व्हायचं ते होऊन गेलेलं.
शेवटी तिचंच तिला परत दिलं,
माझ्या जिभेवर लांबलेलं:
"चील, बाई."

हसली नाही.

रस्त्यापलीकडून पंचफुलाबाई मात्र
पिठाचे हात तसेच घेऊन आल्या.
ह्या वेळी वर पाहिलं नाही.
ओला पदर पोरीच्या डोक्यावरून ओढून घेतला,
पटकन, डालं टाकावं तसा,
आणि मला म्हणाल्या, "तू जाय तिकडं."

मी कुठं जाणार. तिथंच पाठ करून उभा राहिलो.
पदर बराच वेळ हलत होता.
मग कमी कमी हलला.
"निवली," मागून आवाज आला, हळू,
जसं चहाबद्दल सांगतात,
चुलीवरून उतरवलेल्या तव्याबद्दल.

दुकानात येऊन बिलबुक काढलं.
मागचं पान भरत आलेलं,
शेवटच्या ओळीत: वाळा दोन गड्डे, उधार.
त्याच्या खाली शब्द लिहिला, जरा तिरका बसला.
मग मास्तरांची मोटर
तिसऱ्यांदा उघडली.