उसनं नाव

कॅमेलनहून निघाले तेव्हा उजाडायचं होतं.
इस्पितळाच्या धुलाईखात्यातली रात्रपाळी
अजून हातांवर होती, साबणाची, वाफेची.
रविवार : वीस मैल.
असं तक्त्यात लिहिलंय, तक्ता फ्रिजवर चिकटवलाय.
फ्रिजच्या बापाचं काय जातंय.

कालव्याच्या काठाने जायचं,
पाणी काळं, हलत नाही,
आणि पन्नाशीला टेकलेली मी
हलतेय म्हणायची.

आमच्याकडे तोंडावर कौतुक करत नाहीत.
'बरी दिसतेस' म्हणजे एवढंच, की मेली नाहीस.
होडीत राहणारा लाकली
किटली घेऊन बाहेर येतो, म्हणतो,
"परत तूच? दुसरं काही काम नाही का?"
आणि मी वळणापलीकडे जाईपर्यंत
किटली हातातच धरून उभा राहतो.
चहा निवतो त्याचा.
हे मला फार उशिरा कळलं.

बॉनीब्रिजच्या अलीकडे एक मासे धरणारा.
माझ्याकडे त्याने कधी पाहिलेलं नाही.
पण माझी पावलं ऐकू आली
की गळाची काठी उभी करतो,
फाटक उघडल्यासारखी.
मी गेले की पुन्हा आडवी.
पाण्यावरची नजर जागची हलत नाही.

आणि एक तपकिरी कुत्री,
ती दोनशे पावलं माझ्याबरोबर पळते,
मग तिला काहीतरी आठवतं.

दहा मैल जायचे, दहा यायचे.
जाताना माणूस शूर असतो.
चौदाव्या मैलावर, परतीला,
विसाव्या लॉकच्या लाकडी दांड्यावर
जाड चष्म्याचा म्हातारा बसलेला असतो,
थर्मास मांडीत.
पहिल्यांदा ओरडला तेव्हा मी दचकलेच :
"शाबास, मोरवेन! खांदे सोड, पोरी, खांदे!"

मी मोरवेन नाही.
पण सांगायला दम कुठून आणू?
जो होता तो पायांना दिला होता.
हात वर केला फक्त,
आणि खांदे सोडले.

पुढच्या रविवारी पुन्हा मोरवेन.
त्याच्या पुढच्या रविवारी गारा पडत होत्या, तरी मोरवेन.
लाकलीला विचारलं, कोण ही?
म्हणाला, म्हातारा शाळेत खेळ शिकवायचा,
त्याची एक मुलगी होती वर्गात, वाऱ्यासारखी.
आता स्टर्लिंगला पावाचं दुकान आहे तिचं.
पळत नाही. गुडघे.

मग मी चोरासारखी पळू लागले.
बाराव्या मैलापासून कान तिकडे.
तेराव्यावर मांड्या दगड झाल्या,
तरी वाटायचं, अजून थोडं,
पुढे तिच्या नावाचं काहीतरी ठेवलंय,
उचलून आणू.

काल मात्र थांबले. घड्याळ चालूच होतं.
म्हटलं, "मी मोरवेन नाही हो. सेंगा."
"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला.
"मोरवेन इतकी हळू धावेल होय?"

"मग हाक का मारता तिच्या नावाने?"

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं,
चहा ओतला, माझ्या हातात दिला.
"तुझं नाव सांगायला
कधी थांबलीस का?"

चहा गोड होता, गुळमट, जुना.
दोन घोट घेतले तेवढ्यात पाय आखडले.
"थांबलीस की जडावतेस. जा आता, सेंगा."

आणि खरंच जडावले होते.
मोरवेनचे पाय तिथेच राहिले, त्या दांड्यापाशी.
पुढचे सहा मैल माझेच पाय पळले,
डाव्या अंगठ्याला फोड आलेले,
रात्रभर ओल्या चादरी ओढून आलेले.
कुठेही वारं नव्हतं त्यांच्यात.

मासेवाल्याने काठी उभी केली.
आडवी करायला या वेळी त्याला बराच वेळ थांबावं लागलं.
थांबला.

वळणावर होते,
पाण्यावरून, खूप मागून
एक चिरका आवाज आला,
नाव नव्हतं त्यात कुणाचंच :
"खांदे!"