बेतुलच्या धक्क्यावर

तिसऱ्या फेरीनंतरही तळात वीतभर पाणी.
कायतानने बोट बुडवलं, जिभेला लावलं:
खारं. म्हणजे बर्फाचं नव्हे.

शाफ्टपाशी फडकं गुंडाळलं. कोरडं राहिलं.
तळ पुसला, कुशी पुसल्या,
वर पीठ भुरभुरलं,
तांदळाचं, माझ्या डब्यातलं,
आणि रात्रभर साळ नदीवर
त्या पिठाकडे बॅटरी मारत बसलो.
सकाळी पीठ जसंच्या तसं.
एक झुरळ तेवढं चालून गेलेलं.

"उभी असली की गळत नाही," तो म्हणाला,
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

दुपारी त्याने धक्क्यावरची माणसं बोलावली:
जाळी तुणणारे, बर्फवाला, पोदेर सायकलसकट,
मासळी निवडणाऱ्या सात बायका.
बसा म्हणाला, नुसतं बसा.
बोट चार बोटं खाली गेली
आणि डाव्या कुशीला, रंगाच्या पट्ट्याच्याही वर,
जिथे कुणी वाकून पाहिलंच नव्हतं,
एका सांध्यातून
पिठावर बारीक रेघ उतरली.

म्हणजे मासळी पोटभर मिळाली
की त्याच दिवशी गळायची.
वही उघडली.
या हंगामात अशा फेऱ्या तीन.

कायतान कापूस वळत होता.
बायका उठायला तयार नव्हत्या.
सावली होती.