शून्य माप

शिकागो. बारा वाजता नोंदणी बंद.
दैवाचा कर्सर दोन ओळींमध्ये अडलेला:
सी प्लस प्लस, की मापन सिद्धांत.
प्रवेशाला एक पुरेल म्हणतात,
कुठलं, ते कोणी म्हणत नाही.

बाप शेपू-काकडीच्या बरणीशी झटतोय.
वीस वर्षं मक्याच्या सौद्यांत ओरडून
घसा बसला तो बसलाच;
हात अजून बोलतात.
तळवा आत, घेतो.
तळवा बाहेर, विकतो.

"मापन म्हणजे काय गं?"
"काही घटना घडू शकतात, बाबा,
पण त्यांचं माप शून्य."

झाकण निघतं.
"असा एक मंगळवार होता,"
तो म्हणतो, "घर गेलं त्यात."

बाराला पाच कमी.
खाऱ्या पाण्याने निथळणारा तळवा
तिच्याकडे न बघता
आत वळतो.