पन्नासच्या आत

रात्री तीनला आमच्या गॅरेजात सायकल चालायची,
कुठेच न जाणारी. रोलरवर, अंधारात,
घर्र घर्र, वीस मिनिटं.
वानेसच्या छातीवरचा पट्टा तेव्हा वाजलेला असायचा:
नाडी अठ्ठावीस.
झोपेत रक्त थांबू नये म्हणून
माझा नवरा उठून रक्त ढवळायचा.

मी आउडेनार्डेच्या बेकरीत कामाला. पाक मला कळतो.
एकतारी, दोनतारी, आणि मग ती वेळ
जेव्हा झारा उचलला तरी थेंब सुटत नाही.
फ्रिजमध्ये ताकाच्या बाटलीमागे
छोट्या कुप्या होत्या, मोज्यात गुंडाळलेल्या.
वेर्लेने विचारलं, हे कुणाचं औषध?
बाबांचं.
काय झालंय बाबांना?

काहीच झालं नव्हतं.
तो जिंकणाऱ्यांतला नव्हताच कधी. तो पाणी वाहायचा.
मागे गाडीपाशी जायचं, जर्सीत पाठीपोटाशी
आठ बाटल्या कोंबायच्या, दगडी चढावर पुन्हा पुढे गाठायचं
आणि ज्याचं नाव पेपरात येतं
त्याला पाजायचं.
त्या वर्षी त्याला गाठता येईना.
बाकीचे तोंड मिटून चढ चढत होते,
जणू त्यांची हवाच वेगळी.
करार नोव्हेंबरात संपत होता,
घराचे हप्ते बावीस वर्षांचे.
डॉक्टर म्हणाला, ही फसवणूक नाही, वानेस,
ही बरोबरी.

तपासणीवाले पहाटे यायचे. आकडा पन्नासच्या आत हवा.
हॉटेलचं दार वाजलं की मालिशवाला
पडद्याच्या हुकाला सलाइनची पिशवी टांगायचा,
दहा मिनिटांत रक्ताचं पाणी.
एकोणपन्नास पूर्णांक सहा.
इथे सही करा. शुभेच्छा.

फेब्रुवारीत लिव्हेन उठलाच नाही.
चोवीस वर्षांचा. पट्टा त्याने काढून ठेवला होता,
नव्या बायकोची झोपमोड होते म्हणून.
चर्चमध्ये सगळा संघ एकसारख्या कोटांत,
प्रत्येकाची नजर आपापल्या बुटांवर.
त्याच्या आईने माझा हात धरला. म्हणाली,
काळीज मोठं होतं हो त्याचं, लहानपणापासून.
मी म्हटलं, हो.
त्या एका शब्दाचं काय करायचं
ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच रात्री कुप्या मी मोरीत ओतल्या,
असं वेर्लेला सांगत आले.
खरं तर हंगाम संपेपर्यंत त्या ताकामागेच होत्या.
शनिवारी फ्रिज पुसताना
मी त्या उचलायची, कप्पा कोरडा करायची,
आणि परत ठेवायची, जपून, झोपवल्यासारख्या.

आता तो पोरांच्या सायकली दुरुस्त करतो.
पोट सुटलंय. घोरतो.
तीनला जाग मला येते. गॅरेज गप्प.
मी त्याच्या छातीवर हात ठेवून
घड्याळाच्या उजेडात मोजते:
बावन्न. त्रेपन्न.
पन्नासच्या वर.
असू दे.