सुकलेला मार्कर

चौथी फेरी. पंचेचाळीस मिनिटं.
मालाड, माइंडस्पेस, नववा मजला.
खोलीचं नाव ‘किहीम’, खिडकी नाही.
समोर हेरंब चौबळ, वय सत्तेचाळीस,
रेझ्युमे चक्क कागदावर, टाचणीसकट.

मी म्हटलं, बायनरी ट्री घ्या, उलटं करा.
त्यांनी मार्कर घेतला. सुकलेला.
दुसरा. तोही.
तिसऱ्यातून हिरवं झाड उतरलं,
मूळ वर, फांद्या खाली,
जसं आम्ही सगळेच काढतो.
‘हे तर आधीच उलटं आहे,’ म्हणाले,
आणि स्वतःच ओशाळले.

विसाव्या मिनिटाला रिकर्शनमध्ये अडकले.
स्वतःलाच हाका मारत सुटलेलं फंक्शन,
थांबायचं कुठे, ते लिहायचंच राहिलं.
मी घड्याळाकडे न बघितल्यासारखं बघितलं,
मग कागदाकडे.
(रेझ्युमे मी लिफ्टमध्ये वाचते, तोही अर्धा.)
दुसऱ्या पानावर, तळाशी:
२००७ ते २०१२, आमचीच कंपनी, तेव्हा नाव वेगळं होतं,
विमा विभाग.

ह. चौ.

सहा वर्षं बघतेय ही अक्षरं
हप्त्याच्या तारखांच्या फाइलमध्ये,
ओळ चारशे बाराच्या डोक्यावर,
इंग्रजी अक्षरांतलं मराठी:
‘इथे हात लावू नये.
२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांना एक दिवस जास्त द्यावा.
माणसं आहेत. ह. चौ.’
खाली कुणीतरी: हा कोण?
त्याखाली कुणीतरी: काढून टाकणे.
कुणी काढलं नाही.

रात्री तीनला फोन वाजतो
तेव्हा पेमेंट झोपलेलं असतं, लॉगिन झोपलेलं असतं,
ती फाइल कधीच नाही.

सांगावं का?
जिभेवर आलं होतं. वेळ संपली होती.
‘तुम्हाला काही विचारायचंय?’
नेहमीचा प्रश्न, नेहमीच्या आवाजात.
ते म्हणाले, ‘विचारायचं नाही. मार्कर तेवढे मागवा,
पुढच्याला तरी.’
आणि ते दोन सुकलेले
त्यांनी जाता जाता कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मी इतकी वर्षं
सुकलेला मार्कर टोपण लावून
परत ट्रेमध्ये ठेवत आलेय.

फॉर्ममध्ये रकाने चार:
तर्क, वेग, संवाद, ‘आपल्यात बसेल का’.
प्रत्येकाला पाचपैकी गुण.
झोप मोडली नाही, यासाठी रकाना नाही.

चोवीस तासांत भरायचा असतो.
एचआरचे दोन मेसेज येऊन गेले.
मी एक दिवस जास्त घेतलाय.